पश्चिमद्वार : लांकूड, तेल आणि रोगण यांची हकीकत

आमच्या मंदिराच्या शतसांवत्सरिक महोत्सवाची तयारी सुरू झाल्यापासून मंडळाच्या प्रत्येक बैठकींत एका प्रश्नानें ठाण मांडलें होतें. तो प्रश्न वेदीचा नव्हता, घंटेचा नव्हता, मंडपाच्या खर्चाचाहि नव्हता. तो होता पश्चिमेकडील मोठ्या दाराचा. हें दार सागवानी असून दोन कवाडांचें आहे, आणि आमच्या वाडवडिलांनीं तें मंदिराबरोबरच बसविलें. येथें ज्यांचा बाप्तिस्मा झाला, ज्यांचीं लग्नें लागलीं, ज्यांना शेवटचा निरोप दिला गेला, त्या सर्वांस याच दारानें आंत घेतलें आणि बाहेर सोडलें. तेंच दार गेल्या कांहीं वर्षांत खालच्या अर्ध्या भागीं राखेसारखें करडें झालें होतें, आणि वरच्या भागीं जुन्या रोगणाचे पापुद्रे सुटून लोंबत होते.

मतें दोन होतीं. वडीलधाऱ्या मंडळीचें म्हणणें असें कीं, दाराला सरळ तपकिरी तैलरंग द्यावा आणि मोकळें व्हावें. तरुण मंडळीचें म्हणणें असें कीं, सागाच्या एवढ्या रुंद फळ्या आतां पैसे मोजूनहि सहज मिळत नाहींत, त्यांच्या रेषा दिसल्याच पाहिजेत. म्हणून जुनें सर्व खरवडून पारदर्शक रोगणच द्यावें. दोन्ही बाजूंस बोलणारे पुष्कळ आणि दाराकडे निरखून पाहणारे थोडे, अशी स्थिति झाली. शेवटीं, पूर्वींचे लोक दारांस काय लावीत, कां लावीत, आणि तें कितपत टिके, याचा शोध घ्यावा असें ठरून तें काम आमच्याकडे आलें. त्या शोधांत जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवितों.

परंतु प्रथम आमचा स्वतःचा अपराध कबूल केला पाहिजे. पंचवीस वर्षांपूर्वीं अमृतमहोत्सवाच्या वेळीं हेंच दार ‘नवें’ करण्याचें काम ज्यांनीं अंगावर घेतलें त्यांत आम्हीहि होतों. सणाला आठ दिवस उरले होते. खालचा करडा थर नीट न काढतां, वरवर कांचकागद फिरवून, तीन दिवसांत रोगणाचे चार हात देवविले. रोगण टणक, झगझगीत आणि भारी किंमतीचें होतें. मात्र तें घरांतील टेबलखुर्च्यांसाठीं होतें, आणि डब्यावर तसें छापलेलेंहि होतें. तें आम्हीं वाचलें नाहीं. सणाच्या दिवशीं दार आरशासारखें चमकलें व सर्वांनीं वाखाणलें. पहिला पावसाळा कसाबसा गेला. दुसऱ्या पावसाळ्यांत खालच्या आडव्या पट्टीजवळ पांढुरके फोड आले. त्यापुढच्या उन्हाळ्यांत नखानें ओढावे तसे पापुद्रे निघूं लागले. पुढें त्याला कोणी हात लावला नाहीं, कारण अर्धवट सुटलेल्या रोगणाचें काय करावें हें कोणासच ठाऊक नव्हतें.

लांकडी दार किती काळ टिकूं शकतें हें शोधूं लागलें असतां पहिलें आश्चर्य रोम शहरांत भेटतें. तेथील अव्हेंटाईन टेकडीवर सांता साबिना नांवाचें मंदिर आहे. त्याचें सायप्रस लांकडाचें कोरीव दार पांचव्या शतकाच्या पूर्वार्धांतील, म्हणजे सुमारें इ. स. ४३० चें आहे. मूळच्या २८ चौकटींपैकीं १८ आजहि शिल्लक असून त्यांपैकीं एकींत प्रभूच्या क्रूसारोहणाचें अतिप्राचीन चित्र आहे. पंधराशें वर्षांहून अधिक काळ हें लांकूड राहिलें कसें? कोणा कारागिराचें गुप्त तेल होतें म्हणावें, तर तसें कांहीं नाहीं. उत्तर अगदीं साधें आहे : दारापुढें ओसरी आहे. ऊन आणि पाऊस हे दोघेहि त्या दारापर्यंत क्वचितच पोंचले. आमच्या दारापुढें ओसरी नाहीं. तोंड पश्चिमेला, समुद्राकडे. दुपारनंतरचें सारें ऊन त्यावर, आणि जून महिन्यांत येणारा नैर्ऋत्येचा पाऊसहि त्यावरच.

उत्तर युरोपांतील दारांची गोष्ट निराळी आहे. जर्मनींतील कलोन शहरीं ‘सेंट मारिया इम कॅपिटोल’ या मंदिराचें अक्रोडी दार सुमारें १०६५ सालचें आहे. तें विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत वापरांत होतें. आतां मंदिराच्या आंत सुरक्षित ठेविलें आहे. त्यावरील कोरीव प्रसंग एके काळीं नाना रंगांनीं रंगविलेले होते, आणि त्या रंगांचे अंश अद्यापि आढळतात. लंडन येथील वेस्टमिन्स्टर मठमंदिरांत एक ओकचें दार आहे. २००५ सालीं लांकडांतील वार्षिक वलयें मोजून तें १०५० नंतरच्या दशकांतील, म्हणजे संत एडवर्ड राजाच्या वेळचें, असें ठरलें. त्यावर चामडें ताणून बसविलेलें होतें. तें चामडें शिक्षा झालेल्या चोराच्या अंगचें, अशी दंतकथा पिढ्यान् पिढ्या चालत आली होती; तपासणींत तें गाईचें निघालें! असो. आम्हांस यांतून घ्यावयाचें तें एवढेंच कीं, या दोन्ही दारांचें लांकूड उघडें नव्हतें. एकावर रंग होता, दुसऱ्यावर चामडें होतें.

याच काळाच्या पाठोपाठ, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, थिओफिलस असें नांव धारण करणाऱ्या एका मठवासी धर्मगुरूनें ‘विविध कलांविषयीं’ अशा अर्थाचा लॅटिन ग्रंथ लिहिला. हेल्मार्सहाउझेनच्या मठांतील रॉजर नांवाचा धातुकाम करणारा बेनेडिक्टाईन साधु तो हाच, असें कित्येक विद्वान मानतात. ग्रंथाचे तीन भाग आहेत : पहिला रंगकामाचा, दुसरा कांचकामाचा, तिसरा धातुकामाचा. मंदिर शोभिवंत करण्यास जें जें लागतें तें सर्व त्यांत आहे, आणि लिहिणाऱ्याचे हात त्या कामांत मळलेले आहेत हें पानोपानीं कळतें. त्याच्या पहिल्या भागांत आम्हांस ज्याचा शोध होता तेंच प्रकरण सांपडलें : दारें तांबडीं कशीं करावीं आणि जवसाचें तेल कसें काढावें.

तो सांगतो त्याचा सारांश असा. जवस पाण्यावांचून कढईंत विस्तवावर वाळवावें, उखळांत कुटून अगदीं बारीक करावें, पुन्हा कढईंत थोडें पाणी घालून चांगलें तापवावें, मग नव्या फडक्यांत गुंडाळून दाबयंत्रांत घालून तेल काढावें. या तेलांत शेंदूर किंवा हिंगूळ पाण्याचा थेंबहि न लागूं देतां घोटावा, कुंचल्यानें दारावर पसरावा आणि उन्हांत वाळवावा. मग दुसरा हात देऊन पुन्हा वाळवावा. सर्वांच्या वर शेवटीं रोगण द्यावें. त्या रोगणाची कृति पुढच्याच प्रकरणांत आहे. नव्या लहान मडक्यांत जवसाचें तेल घेऊन त्यांत एका प्रकारच्या राळेची बारीक पूड टाकावी. ही राळ दिसावयास मंदिरांतील स्वच्छ धुपासारखी, पण फोडली असतां अधिक तेजस्वी. मग निखाऱ्यांवर, उकळी न येऊं देतां, तिसरा हिस्सा आटेपर्यंत शिजवावी. ज्वाळा लागूं देऊं नये, कारण हें द्रव्य पेटलें म्हणजे विझविणें फार कठीण, असा इशारा द्यावयासहि तो विसरत नाहीं. आमच्यापैकीं ज्यांनीं तेलाची कढई पेटलेली पाहिली आहे त्यांस या इशाऱ्याचें महत्त्व सांगावयास नको.

येथें थोडें विषयांतर केल्यावांचून राहवत नाहीं. इटालियन चरित्रकार व्हासारी यानें १५५० सालीं असें लिहून ठेविलें कीं, तैलरंगाची कला फ्लँडर्सच्या यान व्हान आयक या चित्रकारानें, म्हणजे पंधराव्या शतकांत, शोधून काढली. ही गोष्ट सव्वादोनशें वर्षें सर्वांनीं खरी मानली. पुढें वोल्फेनब्युटेल येथील ग्रंथालयाचा अधिकारी असलेला जर्मन साहित्यिक लेसिंग याच्या हातीं थिओफिलसची हस्तलिखित प्रत आली; त्यानें १७७४ सालीं एक निबंध प्रसिद्ध करून व्हान आयकच्या तीनशें वर्षें आधीं तेलांत रंग कालविण्याची रीत मठांत ठाऊक होती हें दाखवून दिलें. चित्रकलेच्या इतिहासांतला एवढा मोठा समज दारें रंगविणाऱ्या एका साधूनें खोटा पाडला, याची आम्हांस मौज वाटते. मात्र थिओफिलसला स्वतःला या तेलाचें फारसें कौतुक नव्हतें. एक हात वाळल्यावांचून दुसरा देतां येत नाहीं, आणि म्हणून मनुष्यांच्या आकृति काढतांना तें काम फार लांबतें व कंटाळवाणें होतें, अशी त्याची तक्रार आहे.

हें प्रकरण आम्हीं दोनदां वाचलें, आणि दुसऱ्या वेळीं जें ध्यानांत आलें त्यावरच आमच्या पुढील निर्णयाचा पाया आहे. थिओफिलसचें पारदर्शक रोगण उघड्या लांकडावर नाहीं. तें शेंदराच्या थरावर आहे. शेंदूर उन्हाला अडवितो, रोगण पाण्याला अडवितें. दोघांचीं कामें निराळीं, आणि एकाचें काम दुसऱ्यावर टाकलेलें नाहीं. आम्हीं पंचवीस वर्षांपूर्वीं जें केलें त्यांत पहिला गडी मुळींच नव्हता. (शेंदूर हा शिशाचा क्षार असून विषारी आहे, म्हणून आज कोणीं थिओफिलसची कृति जशीच्या तशी करूं नये, हेंहि येथेंच सांगून ठेवितों.)

आतां आपल्या देशाकडे वळूं. कारण चमकदार लेप म्हटला कीं आपल्याकडे पहिली आठवण लाखेची होते. पळस, कुसुंब, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर एक बारीक किडा जी राळ निर्माण करितो ती लाख. गोव्याच्या आर्चबिशपांच्या पदरीं १५८३ सालीं चिटणीस म्हणून आलेला डच प्रवासी लिन्सखोटेन यानें १५९६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत हिंदुस्थानांतील पलंग, खुर्च्या वगैरे सामानावर लाख कशी चढवितात याचें वर्णन केलें आहे. त्याच शतकाच्या अखेरीस अबुल फजलनें ‘ऐन-इ-अकबरी’ मध्यें चिकांच्या पडद्यांना लाख देण्याचीं प्रमाणें नोंदलीं आहेत. सावंतवाडीच्या लांकडी खेळण्यांवरचें लाखकाम तर आमच्या वाचकांच्या घरोघरीं आहे. हीच लाख स्वच्छ करून पातळ पापुद्रे केले म्हणजे चपडा होतो, आणि चपडा स्पिरिटांत विरघळविला म्हणजे सुतारांचें पॉलिश. कपाटासाठीं यासारखें सुंदर दुसरें कांहीं नाहीं. परंतु पाणी लागलें कीं चपड्यावर पांढरे डाग उमटतात, आणि समुद्रावरच्या पावसांत तो एक ऋतुहि तग धरीत नाहीं. बैठकींत एका अनुभवी सद्गृहस्थांनीं चपड्याची शिफारस केली होती. त्यांच्या घरचीं कपाटें आम्हीं पाहिलीं आहेत, तीं खरोखर उत्तम आहेत, परंतु तीं घराच्या आंत आहेत.

बाहेरच्या कामाला उपयोगी पडणारें दुसरें द्रव्य म्हणजे चंद्रस. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, झांझिबारसमोरच्या भूमींत, फार पूर्वीं नष्ट झालेल्या झाडांची ही राळ जमिनींतून खणून काढीत. ती इतकी कठीण असे कीं, तेलांत मिसळण्यापूर्वीं तिला प्रखर आंचेवर वितळवावें लागे. एकोणिसाव्या शतकांत हा माल मोठ्या प्रमाणावर मुंबईस येई, आणि येथून युरोपास जाई. युरोपांतील घोडागाड्यांवरचें आणि घरांच्या दारांवरचें उत्तम रोगण याच चंद्रसाचें व जवसाच्या तेलाचें होतें. विसाव्या शतकांत रसायनशाळेंत तयार झालेल्या राळांनीं हा व्यापार मागें पाडला, आणि चंद्रस हा शब्दहि आतां जुन्या रंगाऱ्यांच्याच तोंडीं उरला आहे.

परंतु दाराला लागणारें रोगण खऱ्या अर्थानें घडलें तें घोडागाड्यांवर नव्हे, तर जहाजांवर. ही गोष्ट आमच्या किनाऱ्यास जवळची आहे. पोर्तुगीज अमदानींत, म्हणजे १५३४ ते १७३९ या काळांत, वसईस सागाचीं जहाजें बांधलीं जात. दमणासहि बांधलीं जात. पुढें १७३५-३६ च्या सुमारास लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्यानें मुंबईच्या गोदींत जीं जहाजें बांधलीं त्यांपैकीं १८१७ सालचें ‘ट्रिंकोमाली’ आजहि इंग्लंडांत हार्टलपूल बंदरांत तरंगत आहे. साग टिकतो याला याहून मोठी साक्ष नको. (१७३९ च्या युद्धानंतर वसईच्या मंदिरांतील घंटा देशावर गेल्या, नाशिकच्या नारोशंकर मंदिरांत व भीमाशंकरीं त्या अजून आहेत. घंटा राहिल्या, त्या मंदिरांचीं दारें मात्र कोठें गेलीं हें कोणी विचारीतहि नाहीं. धातूची आणि लांकडाची हीच तफावत.)

जहाजांच्या डोलकाठ्यांना रंग देऊन भागत नसे. डोलकाठी वाऱ्यानें वांकते, दिवसा तापते, रात्रीं भिजते. तिच्यावरचा लेप तिच्याबरोबर ताणला गेला पाहिजे, नाहींतर तडकतो. म्हणून नाविकांच्या रोगणांत राळ कमी आणि तेल पुष्कळ असे. तें मऊ राही, वाळावयास वेळ लावी, फार चमकत नसे, परंतु तडकत नसे. इंग्रजींत त्याला डोलकाठीवरूनच नांव पडलें, आणि आजहि ‘स्पार वार्निश’ या नांवानें तें दुकानांत मिळतें. पुढें जवसाच्या तेलाच्या जोडीस चीनमधील टुंग नांवाचें, पाण्याला अधिक दाद न देणारें तेल आलें. बेकलंड यानें १९०९ सालीं आपल्या कृत्रिम राळेची जाहीर माहिती दिल्यानंतर तिच्याच जातीच्या राळा रोगणांत शिरल्या; ओटो बायर यानें १९३७ सालीं पॉलियुरेथेन शोधून काढलें. आमच्या अमृतमहोत्सवी डब्यांत होतें तें याच शेवटच्या घराण्यांतील, आणि घराच्या आंत वापरण्याचें. तें टणक होतें यांतच त्याचा दोष होता. पावसाळ्यांत साग फुगतो, उन्हाळ्यांत आकसतो. टणक पापुद्रा त्याबरोबर हलत नाहीं, त्यास केसाएवढी चीर पडते, त्या चिरेंतून पाणी आंत जातें, आणि आंत गेलेलें पाणी बाहेर यावयास वाट मागूं लागतें. तेच ते पांढुरके फोड.

तथापि नुसत्या टणकपणावर खापर फोडणें बरोबर नाहीं. खरा शत्रु ऊन आहे, आणि हें आपल्याकडील लोक, पावसास भिण्याची संवय असल्यामुळें, सहसा मानीत नाहींत. लांकूड म्हणजे बारीक तंतु आणि त्यांस एकत्र चिकटवून ठेवणारें लिग्निन नांवाचें द्रव्य. सूर्यप्रकाशांतील अतिनील किरण या लिग्निनचे तुकडे करितात. ते किरण लांकडांत फार खोल शिरत नाहींत; सुमारें ७५ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा तेरावा हिस्सा. परंतु तेवढा थर कुजट तंतूंचा झाला कीं पाऊस तो धुऊन नेतो व खालचा नवा थर उघडा पडतो. धुतल्या गेलेल्या तंतूंवर काळी बुरशी बसते. करडा रंग येतो तो यांमुळें. ही झीज फार सावकाश चालते. पाईनसारख्या मऊ लांकडांत ती शंभर वर्षांत सुमारें ६ मिलिमीटर होते, कठीण लांकडांत त्याहून कमी. म्हणजे करडें झालेलें सागाचें दार मेलेलें नसतें. त्याची केवळ साल गेलेली असते.

यावरून पारदर्शक रोगणाची मूळ अडचण ध्यानांत येईल. रोगण पारदर्शक आहे म्हणूनच आपण तें लावितों. आणि पारदर्शक आहे म्हणूनच ऊन त्यांतून आरपार जाऊन लांकडावर पडतें. रोगण अखंड असतां त्याच्या खालीं लिग्निनचा थर तुटतो, आणि मग पायाच निसटल्यामुळें चांगलें रोगणहि चादरीसारखें उचललें जातें. आधींच करड्या झालेल्या थरावर रोगण दिलें तर विचारावयासच नको. नवें लांकूडहि कांहीं आठवडे उन्हांत उघडें राहिलें तर लेपाची पकड कमी होते, असें प्रयोगांवरून दिसून आलें आहे. आम्हीं तर वर्षानुवर्षांचा करडा थर तसाच ठेवून वर चार हात चढविले होते!

अलीकडच्या चांगल्या बाह्य रोगणांत अतिनील किरण शोषून घेणारीं द्रव्यें घालतात; १९७० नंतरच्या दशकांत यांत आणखी सुधारणा झाली. त्यानें आयुष्य वाढतें, पण तीं द्रव्येंहि उन्हांत हळूहळू संपतात. न संपणारी वस्तु एकच, ती म्हणजे माती. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील मॅडिसन येथील सरकारी वनोपज संशोधनशाळेनें, जी १९१० पासून लांकडाचाच अभ्यास करीत आली आहे, जवसाच्या तेलांत मेण, बुरशीनाशक आणि लोखंडाच्या अंशाची तांबूस माती मिसळून बाहेरच्या लांकडासाठीं एक लेप तयार केला. त्यांतून लांकडाच्या रेषा दिसतात, आणि त्याचा पापुद्रा होत नसल्यामुळें तो सोलला जात नाहीं. नुसता विरळ होतो, आणि विरळ झाला कीं पुन्हा लावतां येतो. लोखंडाच्या अंशाची तांबूस माती म्हणजे काय? आपला गेरूच. आमच्या आज्यांनीं गेरू आणला तो तुळया, खुंट्या आणि भिंतींच्या पट्ट्यांसाठीं. त्यामागें त्यांस अतिनील किरण ठाऊक नव्हते, परंतु गेरू उन्हांत उडत नाहीं हें ठाऊक होतें.

हें सर्व मंडळापुढें ठेवल्यावर निकाल लागला तो असा. झगझगीत रोगण नाहीं, आणि तपकिरी तैलरंगहि नाहीं. खरवडून स्वच्छ केलेल्या सागावर प्रथम तांबूस मातीचा अंश असलेल्या पातळ तेलाचे दोन हात, आणि तें पुरतें वाळल्यावर वरून डोलकाठीच्या जातीचें मऊ, तेलकट बाह्य रोगण. म्हणजे थिओफिलसचाच क्रम, शेंदूर वगळून. याखेरीज दारावर हातभर पुढें येणारी कौलारू पडवी. सांता साबिनेची ओसरी आमच्या खिशास परवडणारी नव्हती, तरी तिची धाकटी बहीण परवडली. पडवीवर दाराहून अधिक खर्च झाला. याबद्दल कांहीं जणांची कुरकुर अजून चालू आहे, परंतु उरलेल्या पैशांत दुसरें कांहीं करूं नये आणि पडवी मात्र करावी, असेंच आमचें मत आहे.

काम पावसाळ्यानंतर, हवा कोरडी झाल्यावर सुरू केलें. कवाडें बिजागऱ्यांतून उतरविलीं. तीं उचलावयास आठ माणसें लागलीं. जुनें रोगण खरवडणीनें काढलें, आणि करडा थर तांबूस, घट्ट लांकूड लागेपर्यंत कांचकागदानें घांसला. यास अकरा दिवस लागले. अमृतमहोत्सवीं सर्व काम तीन दिवसांत उरकलें होतें याची आठवण कोणी ना कोणी रोज करून देई. खिळ्यांभोंवतीं लोखंडाचे काळे डाग होते, ते ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य पाण्यानें धुऊन, मग साध्या पाण्यानें पुनःपुन्हा धुऊन काढले. हातमोज्यांवांचून तें काम कोणास करूं दिलें नाहीं. फळ्यांच्या खालच्या टोंकांतून, जेथें लांकूड आडवें कापलेलें असतें, पाणी सर्वांत जास्त वर चढतें. तीं टोंकें कवाडें उतरविल्याशिवाय दिसतहि नाहींत, आणि मागील वेळीं त्यांस एकहि हात मिळाला नव्हता. या वेळीं त्यांस तेल पिववून पिववून, पिईनासें होईपर्यंत दिलें. साग स्वतःच तेलकट असल्यामुळें त्यावर दुसरें तेल वाळावयास अडखळतें. म्हणून प्रत्येक फळी आधीं टर्पेंटाईनच्या फडक्यानें पुसून घेतली.

तेलाच्या फडक्यांविषयीं एक गोष्ट मुद्दाम लिहितों, कारण घरोघरीं सणापूर्वीं असें काम निघतें. जवसाचें तेल वाळतें तें हवेंतील प्राणवायु शोषून, आणि त्या क्रियेंत उष्णता उत्पन्न होते. तेलांत भिजलेलीं फडकीं गोळा करून कोंपऱ्यांत टाकलीं तर ती उष्णता आंतच कोंडते व काडी न लावतां फडकीं पेट घेतात. साक्रिस्तींत मेणबत्त्या आणि कापडी वस्त्रें असतात. म्हणून रोज सायंकाळीं सर्व फडकीं पाण्यानें भरलेल्या झांकणाच्या डब्यांत टाकलीं.

आतां पुढची निगा. चांगल्यांतलें चांगलें बाह्य रोगणहि पश्चिमेच्या उन्हांत दोनतीन वर्षांहून अधिक निर्वेध राहील असें कोणीं समजूं नये. दर वर्षीं मे महिन्यांत, पाऊस सुरू होण्यापूर्वीं, कवाडांच्या खालच्या हातभर भागावर पाण्याचे थेंब शिंपडून पाहावे. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर कांहीं करूं नये. पसरून लांकूड काळवंडलें तर ओल वाळूं देऊन, बारीक कांचकागद फिरवून, एक हात द्यावा. हें काम एका मनुष्याचें अर्ध्या दिवसाचें आहे. तें चुकलें तर पुन्हा आठ माणसें, अकरा दिवस आणि खरवडणी. कोणी करावें हें आजच ठरविलें आहे : प्रत्येक वाड्यानें एक एक वर्ष घ्यावें, आणि ज्या वाड्याची पाळी त्याचें नांव साक्रिस्तीच्या आंतील भिंतीवर लिहावें. रोगणाचे दोन डबे, एक रुंद कुंचला आणि कांचकागदाचे तुकडे साक्रिस्तीच्या खालच्या कपाटांत ठेविले आहेत. डब्यांवरील मजकूर या वेळीं आम्हीं वाचला आहे, आणि त्याची एक प्रत मराठींत लिहून झांकणावर चिकटविली आहे.

अंक छापावयास जात असतां उजवें कवाड जागेवर बसलें आहे. डाव्या कवाडाच्या बाहेरील अंगाचा शेवटचा हात कालच दिला. हवेंत दमटपणा असल्यामुळें तो अद्याप बोटास चिकटतो. तोंवर मिस्सेस येणाऱ्यांनीं उत्तरेकडील लहान दारानें यावें, आणि मुलांनीं ओल्या कवाडावर बोट लावून पाहूं नये.